मैदानावरचे दमवणारे ग्रुप वर्कआउट: शेवटी पोचणाऱ्याला त्यातून काय मिळतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय त्रेचाळीस, काम दिवसभर बैठं. घरी मोबाइलवरच्या ॲपवर बघून अधूनमधून व्यायाम करत होतात. महिन्याभरापूर्वी मित्राच्या आग्रहाखातर सकाळच्या मैदानावरच्या ग्रुपमध्ये जायला लागलात. तिथे चढावर धावणं, वाळूच्या पिशव्या वाहणं, टायर उलटवणं, पुश-अप, बर्पी (खाली बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, परत आत घेऊन उठायचं), सगळं आहे. तेव्हापासून जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि प्रत्येक फेरीत तुम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचता. तुम्ही विचारलंय की एवढ्या कॅलरी तर घरीही जळतात, मग चिखलात, पावसात, चारचौघांसमोर हे हाल कशाला? यातून खरंच काही वेगळं मिळतं, की आपण किती चिवट आहोत हे दाखवायचा हा प्रकार आहे? आणि मग, चालू ठेवू की सोडू?

मला यात दोन प्रश्न दिसतात. एक उघड आहे: अशा व्यायामाचा फायदा काय? दुसरा तुम्ही थेट विचारलेला नाही, पण पत्रभर तोच जाणवतो: रोज शेवटी पोचणाऱ्या माणसाची ही जागा आहे का? मी गेली बरीच वर्षं मैदानावर असे ग्रुप घेतो. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्याचं आपोआप मिळतं, कारण या व्यायामाचा सगळ्यात मोठा फायदा शेवटच्या फळीतल्या माणसालाच होतो. अट एकच, ग्रुप नीट चालवला जात असला पाहिजे.

ही अट मोठी आहे, म्हणून आधीच सांगतो. तुमचा ट्रेनर कसा आहे, ग्रुपमध्ये किती माणसं आहेत, तुमचा रक्तदाब, गुडघे, पाठ, झोप यांची काय परिस्थिती आहे, हे मला माहीत नाही. त्यामुळे काही ठिकाणी उत्तर "असं असेल तर असं" या पद्धतीनेच द्यावं लागेल.

कॅलरींचं आधी मिटवून टाकू. तुमचा हिशोब बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. हे घरी, एकट्याने, भिंतीकडे तोंड करून केलं तरी शरीराला चालतं. हृदयाला आणि स्नायूंना मैदान आणि खोली यांतला फरक कळत नाही. नेमाने एकट्याने व्यायाम करणारी कितीतरी माणसं उत्तम तब्येतीत आहेत आणि त्यांना मी कधीही मैदानावर या म्हणून गळ घालत नाही. पण तुमच्याच पत्रात "अधूनमधून" हा शब्द आहे. घरचा व्यायाम कमी पडला तो बहुधा तिथे.

आता मुद्द्याचं. माणूस एकटा व्यायाम करतो तेव्हा कधी थांबतो? बहुतेक जण शरीर संपल्यावर नाही, नकोसं वाटायला लागल्यावर थांबतात. या दोन्हींच्या मध्ये बरंच अंतर असतं आणि बैठं काम करणाऱ्या माणसाला त्या अंतराचा अंदाज राहिलेला नसतो, कारण वर्षानुवर्षं तो त्या पट्ट्यात गेलेलाच नसतो. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची श्रम मोजायची एक पट्टी आहे, ६ ते २० अशी. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे यापुढे अशक्य. तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचा ठोका मिळावा, अशा बेताने ती बनवलेली आहे. मी नव्या माणसाला चढ संपल्यावर आकडा विचारतो. तो धापा टाकत "अठरा" म्हणतो आणि लगेच पुढचं अख्खं वाक्य न अडखळता बोलून दाखवतो. खरे अठरा असतील तर एका दमात दोन-तीन शब्दांच्या पुढे जाता येत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याची पट्टीच आखडलेली असते. ती पट्टी पुन्हा खरी करून घेणं ही या व्यायामाची माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई. आणि एकट्याला हे जमणं फार अवघड आहे.

का अवघड आहे, याचं एक जुनं आणि चांगलं उदाहरण आहे. १९२०च्या दशकात ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या नौकावहन क्लबच्या खेळाडूंवर प्रयोग केले. वजनाचा बार हातांनी पुन्हा पुन्हा उचलायचा, दम संपेपर्यंत. आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीला वजन दुप्पट, त्यामुळे एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबणं भाग. म्हणजे जोडीचा निकाल कमकुवत गड्यावर ठरणार. त्यात दिसलं असं की हा कमकुवत गडी एकटा असताना जेवढा टिकत होता त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला. आणि हा परिणाम सगळ्यात जास्त कुठे दिसला, तर दोघांच्या ताकदीत मध्यम फरक होता तिथे. फरक नसेल तर चुरस नाही, फरक प्रचंड असेल तर उमेदच राहत नाही.

पण गटाची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून तुम्हाला ग्रुपची भलामण करणं मला पटणार नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जण ओढत असताना तो एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. यातला काही भाग एकमेकांचा मेळ न बसल्यामुळे असतो. पण १९७४ साली ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला सगळ्यात पुढे उभं केलं आणि मागे बरेच जण ओढतायत असं भासवलं. प्रत्यक्षात मागे कुणीच ओढत नव्हतं. तरी त्याचा जोर कमी झाला. साध्या भाषेत सांगायचं तर माणूस गर्दीत अंग चोरतो.

म्हणजे गट माणसाकडून जास्तही काढून घेतो आणि कमीही. यातलं काय होणार हे कशावर ठरतं? माझ्या अनुभवात दोन गोष्टींवर. माझे श्रम कुणाला दिसतायत का, आणि माझ्या थांबण्याने कुणाचं काही अडतंय का. तीस जणांच्या घोळक्यात ट्रेनर भोंग्यावर ओरडतोय आणि सगळे मिळून बैठका मारतायत, तिथे मागच्या रांगेतला माणूस अर्ध्या बैठका मारतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तेच चार-चारच्या तुकड्या केल्या आणि काम वाटून दिलं की चित्र पालटतं.

एक व्यायाम जरा जवळून सांगतो. दोघांत एक वाळूची पिशवी. एक जण ती छातीशी धरून खुणेपर्यंत जाऊन परत येतो, तोवर दुसरा प्लँक धरून, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ ताठ ठेवून राहतो. मग अदलाबदल. म्हणजे वाहणारा जितका रेंगाळेल तितका प्लँकवाला लटकणार. आता परतीच्या वाटेवर काय होतं ते बघा. पिशवी खाली घसरायला लागते, कंबर मागे झुकते, पावलं आखूड होतात. एकटा असता तर पिशवी तिथेच टेकली असती. पण समोर जोडीदाराची कोपरं थरथरताना दिसत असतात. माणूस थांबतो खरा, पण पिशवी खाली न टेकवता गुडघ्याने वर ढकलून पुन्हा छातीशी घेतो, दोन श्वास सोडतो आणि चालू लागतो. ते दोन श्वास फार मोलाचे असतात. नकोसं वाटण्याच्या पलीकडे अजून चालण्याइतकं शिल्लक आहे, हे त्याच्या अंगाला त्या क्षणी कळतं. मी सांगून ते कळत नाही आणि ॲपवरच्या आवाजाने तर नाहीच.

म्हणून जोड्या लावणं हे मी ट्रेनरचं सगळ्यात महत्त्वाचं काम मानतो. सगळ्यात वेगवान माणसाशी सगळ्यात सावकाश माणसाची गाठ घालून उपयोग नाही, त्यात एक कंटाळतो आणि दुसरा शरमतो. तुमच्यापेक्षा थोडा पुढे असलेला, पण आवाक्यातला जोडीदार हवा. तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणीतरी नक्की असेल. शेवटून दुसरा किंवा तिसरा येणारा माणूस शोधा आणि उद्यापासून त्याच्याशी जोडी लावा.

एकत्र लयीत काम करण्याचाही एक वेगळा परिणाम आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी नौकावहनाच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी वल्हवण्याच्या यंत्रावर एकदा एकट्याने सराव केला आणि एकदा संघासोबत लयीत. नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून वेदना कधी असह्य होते ते मोजलं. संघासोबतच्या सरावानंतर वेदना सोसण्याची मर्यादा जास्त वाढलेली आढळली. अभ्यास छोटा होता, बारा जणांचा, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण मैदानावर मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. सगळे मोठ्याने आकडे मोजत एका तालात पुश-अप मारतात तेव्हा शेवटचे चार-पाच निघून जातात. तेच आपापल्या वेगाने मारायला सांगितले की त्याच आकड्यावर माणसं गुडघे टेकतात. आणि वर्कआउट संपल्यावर कुणी लगेच निघत नाही. दोर गुंडाळत, पिशव्या उचलत लोक रेंगाळतात, गप्पा निघतात. तीन महिन्यांपूर्वी एकमेकांना न ओळखणारी माणसं असतात ही. मग कुणी दोन दिवस आलं नाही तर फोन जातो. नेम मनाच्या निश्चयापेक्षा या फोनवर जास्त टिकतो, असं माझं ठाम मत झालंय.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर कॅलरी घरीही जळतात. पण आपली हद्द नेमकी कुठे आहे हे कळणं, तिथपर्यंत जाण्याचं बळ दुसऱ्याच्या सोबतीतून मिळणं आणि त्या सोबतीपायी नेम टिकणं, हे ग्रुपमध्ये मिळतं. तेही काम दिसेल असं वाटून दिलं असेल तरच.

आता उघड्यावरच का? एक कारण जमिनीचं आहे. सपाट फरशीवर पाऊल दर वेळी सारखंच पडतं. गवत, माती, उतार, भुसभुशीत जागा यांवर प्रत्येक पाऊल थोडं निराळं पडतं आणि घोट्याभोवतीचे, नडगीचे, कमरेचे छोटे स्नायू सतत कामाला लागतात. वाळूचं तर मोजमापच झालेलं आहे. तेवढ्याच वेगाने वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दोन ते पावणेतीन पट ऊर्जा लागते आणि धावायला साधारण दीडपटीहून थोडी जास्त. म्हणजे वेग कमी असूनही हृदयाला पुरेसं काम मिळतं आणि सांध्यांवरचा आदळ कमी होतो. तुमच्या वयाला हे सोयीचं आहे. उलट ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो त्यांनी सुरुवातीला घट्ट, सपाट जागाच धरावी.

दुसरं कारण उजेडाचं. घरातल्या किंवा ऑफिसातल्या दिव्याचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर दिवस वर आल्यावर ढगाळ हवेतही तो हजारांत जातो. सकाळचा हा उजेड शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देतो आणि रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते. बैठं काम करणारे अनेक जण मला सांगतात की पहिला फरक त्यांना वजनात नाही, झोपेत जाणवला.

हवामानाशी जुळवून घेणंही याच खात्यात येतं. रोज थोडा थोडा उन्हात व्यायाम झाला तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बरंच बदलतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं आणि त्याच कामाला नाडी कमी चढते. पण हे दिवस शरीराला द्यावे लागतात. पहिल्याच दिवशी रणरणत्या उन्हात सगळं करायला लावणारा ट्रेनर कणखर नसतो, बेफिकीर असतो. पावसाबद्दल माझा नियम साधा आहे: पाऊस चालेल, वीज चालणार नाही. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत कुणी उतरायचं नाही. ओल्या गवतावर उड्या आणि झपाट्याने वळणं काढून टाकायची. वाहणं, ओढणं, ढकलणं ठेवायचं.

तुम्ही "हाल" असं लिहिलंय, त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कठीण व्यायाम आणि छळ यांत फरक आहे आणि दुर्दैवाने काही ग्रुपमध्ये तो पुसला जातो. बर्पीचंच घ्या. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ती तयार केली, आणि कशासाठी, तर साध्या माणसाची तंदुरुस्ती झटपट तपासण्यासाठी. त्यात पुश-अप नव्हता, उडी नव्हती. फक्त चार वेळा करायची आणि आधी व नंतर नाडी मोजायची. तिचं आज उशिरा येणाऱ्याला द्यायच्या शिक्षेत रूपांतर झालंय. मला हे मुळीच मान्य नाही. व्यायामाला शिक्षेचा दर्जा दिला की माणूस तो टाळायला शिकतो. आणि थकलेल्या अंगाने, पाठ खचवून मारलेल्या पन्नास बर्पींतून मनगट, खांदा आणि कंबर यांना इजेशिवाय काही मिळत नाही.

तुमच्या मांड्यांचं दुखणंही याच अनुषंगाने बघू. सवय नसलेल्या व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत स्नायू सगळ्यात जास्त ठणकतात, विशेषतः उतारावर पळणं, खाली बसत जाणं अशा हालचालींनंतर, ज्यात स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. हे दुखणं म्हणजे फायद्याची पावती नव्हे. तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला की बराच कमी दुखतो आणि फायदा मात्र चालूच राहतो. महिना उलटूनही प्रत्येक वेळी जिना उतरता येऊ नये इतकं दुखत असेल, तर एक तर दर वेळी व्यायाम पार बदलला जातोय किंवा तुमच्या वाट्याला प्रमाणाबाहेर काम येतंय. हे ट्रेनरला सरळ सांगा.

आणि दोन गोष्टी अशा की त्या कळल्या की तिथेच थांबायचं, कुणी कितीही चढवलं तरी. पहिली, नव्या माणसाकडून एकाच हालचालीच्या अतोनात आवृत्त्या करून घेतल्या, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यांतले घटक रक्तात येऊ शकतात आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. स्नायू सुजून कडक होणं, हात-पाय अजिबात न उचलणं आणि लघवीचा रंग गडद तपकिरी होणं ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर घरी पडून राहायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. दुसरी, उष्माघात. उन्हात व्यायाम करताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, चिडचिडा किंवा गोंधळलेला दिसला तर शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं. घाम सुटतोय म्हणून निश्चिंत राहायचं नाही. मदतीला फोन करायचा आणि ती येईपर्यंत मिळेल त्या थंड पाण्यात त्याला बसवायचं किंवा अंगावर पाणी ओतत राहायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, यांबद्दल वेगळं सांगायला नकोच. आणि पाणी तहानेप्रमाणे प्यायचं. सारखं ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही धोक्याचं आहे.

त्रेचाळीसाव्या वर्षी, बैठ्या कामानंतर जोमदार व्यायामाला उतरण्याआधी एकदा डॉक्टरांकडे रक्तदाब आणि साखर तपासून घेतली नसेल तर या आठवड्यात घ्या. रक्तदाब चढा निघाला तर टायर उलटवणं, श्वास रोखून वजन उचलणं हे तूर्त बंद. चालणं, चढ, हलक्या पिशव्या डॉक्टरांना विचारून सुरू ठेवता येतील.

आता शेवटी पोचण्याबद्दल. फेरीत शेवटचं येणं हा व्यायामाच्या आखणीचा परिणाम असतो, तुमच्या लायकीचा निकाल नसतो. काम आकड्यांत दिलं, म्हणजे "प्रत्येकाने तीस बैठका आणि चार चढ", की वेगवान माणूस लवकर संपवून उभा राहतो आणि सगळ्यांच्या नजरा मागच्यावर खिळतात. तेच काम वेळेत दिलं, म्हणजे "चाळीस सेकंद, जमेल तितक्या नीट बैठका, मग वीस सेकंद दम खा", की सगळे एकाच क्षणी सुरू करतात आणि एकाच क्षणी थांबतात. तुमच्या बारा होतात, शेजारच्याच्या पंचवीस. दोघांच्याही नाड्या तेवढ्याच चढलेल्या असतात, दोघांनीही प्रामाणिक काम केलेलं असतं. धावण्याच्या फेऱ्यांना मी पुढे पोचलेल्यांना उभं राहू देत नाही. त्यांनी वळून शेवटच्या माणसापर्यंत परत यायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा पुढे जायचं. पुढच्यांना जास्त अंतर मिळतं, मागच्याला सोबत मिळते आणि वाट बघत टाळ्या वाजवण्याचा तो अवघडलेला प्रसंग टळतो. टाळ्या चांगल्या हेतूने वाजवलेल्या असतात, पण कितीतरी जणांना त्या बोचतात हे मी पाहिलंय.

वजनाचंही तसंच. वेळ सगळ्यांना सारखी, भार ज्याचा त्याचा. हलकी पिशवी मागायला संकोच वाटला तर ट्रेनरशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे चारचौघांत मागावी लागणार नाही. तुमचा ट्रेनर यावर "इथे सगळ्यांना सारखंच" असं म्हणाला, तर तुमच्या "सोडू का" या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पण तो ग्रुप सोडायचा, दुसरा शोधायचा.

पुढचे दोन महिने काय करावं, तेही सांगतो. रोज जाऊ नका. आठवड्यातून दोन दिवस ग्रुप, मध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. बाकीचे दोन-तीन दिवस अर्धा-पाऊण तास झपझप चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. ग्रुपमध्ये दोन्ही दिवस जीव तोडून करायचं नाही. एक दिवस बोर्गच्या पट्टीवर १३-१४ पर्यंत, दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन फेऱ्या १६-१७ पर्यंत. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे ताकद वाढलेली जाणवेल, पण दंड-मांड्या आरशात बदललेल्या दिसणार नाहीत. त्या काळात वाढते ती बहुतांशी मेंदू आणि नसांनी स्नायूंना एकत्र कामाला लावायची क्षमता. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून आरशावर जाऊ नका.

मोजायचंच असेल तर दोन गोष्टी मोजा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. आणि मैदानावरचा एकच चढ निवडा, तो ठरावीक वेगाने चढा, वर पोचल्या पोचल्या नाडी मोजा आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. त्या एका मिनिटात ठोके किती उतरतात ते बघा. तब्येत सुधारते तसा हा उतार वाढत जातो. हा आकडा तुमचा तुमच्याशीच लावायचा आहे. तुम्ही शेवटी पोचलात का पहिले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दोन महिन्यांनी चढावरची नाडी लवकर उतरत असेल, झोप सुधारली असेल आणि जोडीदाराला फोन न करता गैरहजर राहणं तुम्हाला जड जात असेल, तर निश्चिंत मनाने चालू ठेवा. आकडे सुधारले पण मैदानावर जायचं म्हटलं की अजूनही पोटात गोळा येत असेल, तर दोन-चार ओळखीच्या माणसांचा छोटा गट करून तेच व्यायाम करा. पिशवी, चढ आणि एक जोडीदार एवढ्यावर बरंच काही होतं. आणि आकडेच हलले नाहीत तर आधी झोप आणि विश्रांतीकडे बघा, मग पुन्हा लिहा. तेव्हा आठवड्याचं वेळापत्रक आणि नाडीचे आकडे सोबत द्या, म्हणजे नेमकं सांगता येईल.